मे महिन्यात पिक्चर, भाद्रपदात गणपती



दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर मला पेणहून एक फोन येतो. मामाचा. बरा आहेस ना, जेवतोस ना वेळेवर, एवढं झालं की तो मुद्द्यावर येतो.

"काय रे, यंदा काय येतंय?"

हा प्रश्न पावसाबद्दल नसतो आणि माझ्या पगारवाढीबद्दल तर नसतोच. मामाला विचारायचं असतं की या उन्हाळ्यात पिक्चर कोणते लागणार, मालिका कोणती सुरू होणार, गाणं कोणतं वाजणार. आता मामा साठीच्या पुढचा आहे. थिएटरात शेवटचं कधी गेला होता हे त्याला स्वतःला आठवत नाही. तरी त्याला ही सगळी माहिती हवी असते, कारण मामाचा गणपतीचा कारखाना आहे.

आपण सगळेच सुट्टीत नवीन काय येतंय याची वाट बघतो. वॉचलिस्ट करतो, ट्रेलर फॉरवर्ड करतो, प्री-सेव्ह करतो. आजच्या भागात या वाट बघण्याचाच इतिहास सांगणार आहे. फक्त तो प्रेक्षकाच्या खुर्चीतून न सांगता पेणच्या कारखान्यातून सांगतो. तिथे 'यंदा काय येतंय' या प्रश्नावर हंगामाची कमाई ठरते. आणि एकदा त्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर साफ चुकलं होतं. तेही सांगणार आहे, पण शेवटी.

रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण

मी रोह्याचा. बाबा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. शाळेत असताना वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी आई मला आणि ताईला घेऊन पॅसेंजरमध्ये बसायची. निडी, नागोठणे, कासू आणि पेण. आज हे साधं वाटतं, पण रोह्यापर्यंत रेल्वेच आली १९८६ साली. त्याआधी माहेरी यायचं म्हणजे आईला एसटीची वाट बघत उभं राहावं लागायचं.

माझ्या बॅगेत वाचनालयातून सुट्टीपुरती आणलेली दोन पुस्तकं असायची. डोक्यात मात्र एकच गोष्ट असायची, की मामाकडे केबल आहे.

पण मामाच्या घरी सुट्टी कुणालाच नसायची. मे महिन्यात कारखाना पूर्ण भरात असतो. ओट्यावर, पडवीत, घडवंचीवर, जिथे जागा असेल तिथे राखाडी रंगाचे, डोळे नसलेले गणपती ओळीने बसलेले. ओल्या शाडूचा वास. आणि "हात लावू नकोस" हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा.

मे महिन्यातच एवढी घाई का? इथे थोडं इंजिनिअरिंग आहे, ऐका. आधी मूळ नमुना घडवायचा. त्यावरून साचा काढायचा. साच्यात माती दाबून भरायची, मूर्ती बाहेर काढायची, सांधे साफ करायचे, सुकवायची. शाडू उन्हात ठेवला तर तडकतो, म्हणून सावलीत हळूहळू सुकवायचा. पाऊस सुरू झाला की हवाच इतकी ओली होते की तेच सुकणं दुप्पट वेळ घेतं. त्यानंतर पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. परदेशी जाणारे गणपती तर बोटीने जायचे असल्यामुळे उन्हाळ्यातच पेटीत बसून निघालेले असतात.

थोडक्यात, भाद्रपदात लोकांना काय आवडेल हे मे महिन्यात ठरवावं लागतं. आमच्या भाषेत याला लीड टाइम म्हणतात. मामा म्हणतो, अंदाज.

पेण आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे वगैरे गावांत असे अंदाज शेकडो कारखान्यांत चाललेले असतात. कुणी एक रूप धरतं, कुणी दुसरं.

घाटावरचा छापखाना

आता जरा मागे जाऊ. १८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९४ साली, मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. तो नंतर मळवलीला गेला. पेणहून खोपोली, तिथून बोरघाट चढलात की लोणावळ्याच्या पलीकडे मळवली. म्हणजे आमच्या पेणपासून फार लांब नाही.

या छापखान्यातून निघालेली देवांची रंगीत चित्रं स्वस्तात घराघरांत गेली. लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती कशी बसते, याचं एक ओळखीचं चित्र लोकांच्या डोळ्यांत पक्कं बसलं. गिऱ्हाईक जेव्हा "तसलाच चेहरा पाहिजे" म्हणतं, तेव्हा त्याच्या मनात कुठलं तरी छापील चित्र असतं. देवाच्या रूपालाही फॅशन असते, ती बदलते आणि लांबून येते. हे तेव्हापासूनचं आहे.

याच छापखान्यात काही काळ काम केलेला एक माणूस पुढे सिनेमाकडे वळला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. तारीख परत बघा, ३ मे. आपल्याकडच्या सिनेमाचा जन्मच मे महिन्यातला. १९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढायचे, असं तेव्हाच्या आठवणींत सांगतात. चित्रातला देव हलायला लागला आणि लोकांनी तो देव म्हणून स्वीकारला. मूर्तिकाराच्या दृष्टीने ही मोठी बातमी होती.

पिक्चरच्या आधी ऑर्डर

पण गंमत अशी, की सिनेमा मुंबईत लागला तरी तालुक्याच्या गावी यायला बरेच महिने लागायचे. फिल्मच्या प्रिंट मोजक्या असायच्या. आधी मोठी शहरं, मग जिल्हा, मग तालुका, आणि त्यानंतर कुठे जत्रेतला तंबू. आपल्यापर्यंत येईपर्यंत त्या प्रिंटवर पावसाच्या धारांसारख्या रेघा उठलेल्या असायच्या.

पेणची गिऱ्हाइकं मात्र मुंबईची. त्यामुळे व्हायचं काय, की पिक्चर पेणला यायच्या आधी पिक्चरची ऑर्डर यायची! मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की मुंबईचा व्यापारी हाताने हवेत आकार काढून दाखवायचा, "असा मुकुट, असा पवित्रा," आणि ते न बघितलेल्या सिनेमातला मुकुट घडवायचे. पुढे पाच-सहा महिन्यांनी तोच पिक्चर बघताना थिएटरात बोलायचे, "माझा जास्त बरा होता."

आजोबांनी मनापासून वाट बघितली ती मात्र पिक्चरची नाही, रेडिओची. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. मुळात ५२ गाणी ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ती ५६ झाली. विचार करा, एका सीझनचे ५६ एपिसोड, दर आठवड्याला एक, आणि पंचांगाने चार एपिसोड वाढवून दिलेले!

आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. आळीत एकाकडे होता, तिथे सगळे जमायचे. पुढच्या वर्षी आजोबांनी धनुष्यबाण घेतलेला गणपती केला, आणि तो साचा पुढे कितीतरी वर्षं चालला, असं आमच्या घरात सांगतात. मामा अजूनही उदाहरण देतो, "वर्षभर जे कानावर पडतं, ते मातीत उतरतं."

रविवार सकाळ आणि खंडोबा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण कारखान्याच्या दृष्टीने टीव्ही खरा आला तो २५ जानेवारी १९८७ ला. रामानंद सागरांचं 'रामायण'. दर रविवारी सकाळी, ७८ भाग, दीड वर्षभर. मुंबई, पेण, रोहा, सगळीकडे एकाच मिनिटाला तेच चित्र. व्यापाऱ्याला हवेत हात फिरवायची गरजच उरली नाही. धनुष्य कसं, मुकुट कसा, हे मूर्तिकाराने आणि गिऱ्हाइकाने एकदमच बघितलं.

माझ्या पिढीचं उदाहरण सांगतो. १८ मे २०१४, झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती २९ ऑगस्टला. मोजा, १०३ दिवस. मालिका चालली, गाणं चाललं, आणि बाजारात पिवळाधमक, भंडाऱ्यात न्हालेला, हातात खड्ग घेतलेला मल्हाररूपातला गणपती दिसायला लागला. पुढच्या वर्षी तर मागणी आणखी वाढली, कारण मालिका सुरूच होती. मामाने त्या दोन हंगामांत कारखान्यावर नवे पत्रे घातले. आम्ही अजून त्यांना मल्हारी पत्रे म्हणतो.

मग 'बाहुबली'. पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला, गणपती १७ सप्टेंबरला. हातात फक्त ६९ दिवस, त्यातही भर पावसातले. मामा म्हणाला, "शाडूत जमणार नाही." प्लास्टर ऑफ पॅरिसवाल्यांना जमलं, पीओपी झटपट सुकतं ना. दुसरा भाग मात्र २८ एप्रिल २०१७ ला आला, गणपती २५ ऑगस्टला. ११९ दिवस! तेव्हा शिवलिंग खांद्यावर घेतलेला गणपती मामानेही केला. एकच सिनेमा, पण एकदा हुकला आणि एकदा साधला. फरक फक्त तारखेचा.

५ सप्टेंबर २०१६

या दोन बाहुबलींच्या मध्ये एक उन्हाळा आहे, तो मला कधीच विसरता येणार नाही. 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. मी लोणेऱ्याला बीटेक करत होतो. परीक्षा तोंडावर, आणि अर्धं हॉस्टेल तिकिटाच्या रांगेत. माझ्या रूममेटने तो चार वेळा बघितला, चारही वेळा पैसे माझे. त्यातून गणपतीचं रूप निघण्यासारखं काही नव्हतं, पण 'झिंगाट' वाजल्याशिवाय त्या वर्षी एकही मिरवणूक पुढे सरकली नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला होती. आणि त्याच दिवशी, अगदी त्याच दिवशी, जिओ अधिकृतपणे सुरू झालं. घरी आरती चालली होती आणि माझा एक मावसभाऊ मागे उभा राहून सिम ॲक्टिव्हेट करत होता.

तेव्हा लक्षात आलं नाही, पण त्या दिवसापासून वाट बघणं बदललं. आधी नवीन गोष्ट उशिरा यायची आणि आली की बराच काळ राहायची. आता ती पेणला आणि न्यूयॉर्कला एकाच मिनिटाला येते, आणि पुढच्या शुक्रवारी विसरली जाते. मालिकेचे दहा भाग एका रात्रीत बघून होतात. मीम आठवडाभर चालतं. आपल्याला प्रेक्षक म्हणून हे मजेचं आहे, मी तक्रार करत नाही. पण शाडूची मूर्ती सुकायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. गोष्टीचं आयुष्य मूर्तीच्या सुकण्यापेक्षा कमी झालं, तर मूर्तिकाराने करायचं काय?

२०२० सालच्या एप्रिलमध्ये मामाने पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला नाही. थिएटरं बंद, शूटिंग बंद. दूरदर्शनने २८ मार्चपासून तेच जुनं 'रामायण' पुन्हा लावलं होतं. सरकारने मूर्तीची उंची ठरवून दिली, मंडळांसाठी चार फूट आणि घरगुतीसाठी दोन फूट. मामाने नवं रूप एकही केलं नाही. साधा, पाटावर बसलेला, एका हातात मोदक असलेला गणपती केला. जेवढे केले तेवढे सगळे गेले.

माझी चूक

आता कबुली. २०२२. दोन वर्षांनी सगळं उघडलं होतं. एप्रिलमध्ये फोन आला, "काय रे, यंदा काय येतंय?" मी तोवर पुण्यात नोकरीला लागलो होतो आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. एका पिक्चरचा टीझर धुमाकूळ घालत होता. नाव घेत नाही, काय करायचंय आता. मी व्ह्यूज बघितले, ट्रेंडिंग बघितलं, चक्क एक्सेल शीट केली आणि मामाला स्क्रीनशॉट पाठवले. "मामा, हे शंभर टक्के चालणार."

मामाने नवा नमुना केला, साचा काढला आणि साठ मूर्ती भरल्या. त्याच्या छोट्या कारखान्यासाठी साठ हा मोठा आकडा आहे.

पिक्चर आला. दोन आठवड्यांत गेला. श्रावणात बुकिंगला लोक आले, त्या मूर्तीसमोर थांबले आणि म्हणाले, "हा कोण?" मामाने चोवीस रंगवल्या, त्याही कमी भावात विकल्या. छत्तीस तशाच राहिल्या, राखाडी, डोळ्यांविना.

मामा मला एक शब्द बोलला नाही. मामी बोलली. साच्याचा खर्च किती, माती भरणाऱ्या दोन बायकांची मजुरी किती, ताईच्या लग्नातल्या आहेरात हात आखडता का घ्यावा लागला, हे सगळं तिने फोनवर शांतपणे सांगितलं. मला तो हिशेब अजून पाठ आहे.

गणपतीनंतर मी पेणला गेलो. मागच्या दारी निळं पिंप होतं. मामा त्या छत्तीस मूर्ती एकेक करून पाण्यात सोडत होता. मी विचारलं, "असं चालतं?" तो म्हणाला, "डोळे आखले नाहीत ना अजून. तोवर ती मातीच." दोन दिवसांत पिंपात नुसता चिखल उरला. तोच गाळून पुढच्या वर्षी वापरला. माती वाचली. मजुरी आणि उन्हाळा मात्र गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये, २०२३ साली, फोन आला नाही. मी वाट बघत होतो. ट्रेलरची वाट आपण बघतोच, पण त्या प्रश्नाची वाट मी त्याच वर्षी पहिल्यांदा बघितली.

तो परत आला थेट २०२४ च्या जानेवारीत. २२ तारखेला अयोध्येत रामलल्लाची प्रतिष्ठापना झाली, आणि संध्याकाळी मामाचा मेसेज, "मूर्तीचे चांगले मोठे फोटो पाठव. आणि तुझं मत देऊ नकोस." मी फोटो पाठवले. मत दिलं नाही. त्या वर्षी रामलल्लाच्या रूपातले गणपती सगळीकडे दिसले, आणि मामाला पूर्ण सात महिने मिळाले होते.

यंदा

मागच्या उन्हाळ्यात, २०२५ मध्ये, पेणकरांनी सिनेमापेक्षा कोर्टाच्या तारखेची वाट जास्त बघितली. ९ जूनला उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायला नाही. ज्यांनी मे महिन्यात हात आखडून ठेवला होता, त्यांना जूनमध्ये धावपळ करावी लागली. तिथेही शेवटी प्रश्न तारखेचाच.

आणि यंदा, २०२६. परवाच फोन आला. "काय रे, यंदा काय येतंय?"

मी सांगितलं. रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'ची तारीख १ मे जाहीर झाली आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे हातात १३६ दिवस. आणि नवीन 'रामायण'चा पहिला भाग दिवाळीत येईल असं निर्मात्यांनी सांगितलंय, म्हणजे तो पुढच्या वर्षीच्या हिशेबात.

मामा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "महाराजांच्या सिंहासनासारख्या सिंहासनावरचा गणपती आपल्याकडे कायम असतो. त्याला पिक्चर लागत नाही. रामायणाचं बघू. धनुष्याचा साचा वडिलांचा आहे माळ्यावर." आणि मग विचारलं, "तुला काय वाटतं?"

चार वर्षांनी त्याने माझं मत विचारलं होतं. माझ्याकडे फोन होता, ट्रेंडिंग होतं, सगळं होतं. मी म्हटलं, "मामा, येतंय काय ते मला कळतं. टिकेल काय ते नाही कळत."

"मग वीसच काढतो," मामा म्हणाला, आणि फोन ठेवला.

तर मंडळी, या सुट्टीत वॉचलिस्ट जरूर करा. मीही केली आहे. फक्त ऑगस्टच्या शेवटी एखाद्या कारखान्यात डोकावून बघा, तुम्ही मे महिन्यात बघितलेल्यापैकी काय तिथे पाटावर येऊन बसलंय. आणि तुमच्या घरच्या गणपतीवर कधी कुठल्या सिनेमाची, मालिकेची छाप पडली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना तारखेसकट आठवत असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या.